रिकामी फेरी

मुलगी : आणि हे हिरवं काय आहे? चटणी म्हणून खायचं, की शोभेचं म्हणून सोडून द्यायचं?

बाबा : जपून. नाकात जातं ते.

मुलगी : तुला कसं माहीत?

बाबा : ऐकलंय.

मुलगी : ताट बघ ना. केवढं मोठं, आणि मधे चार डिमसम. बिचारे एकमेकांना हाका मारत असतील.

बाबा : खा गं. गार होतील.

मुलगी : गारच आहेत. आत चीज, वर शेंगदाण्याचा रस्सा, खाली संत्र्याचा फेस. पाच देश एका ताटात आणून बसवलेत आणि कुणी कुणाशी बोलत नाहीये.

बाबा : नूडल्स चांगल्या असतील. तुला आवडतात ना.

मुलगी : तिसरीत आवडायच्या. मी दहावीत आहे, बाबा.

बाबा : हो. म्हणजे आता नाही आवडत?

मुलगी : आवडतात रे, तोंड नको पाडूस. मला कळत नाहीये एवढंच. तू तिकडे राहायला गेल्यापासून दर रविवारी आपलं ते एकच हॉटेल, डगमगणाऱ्या टेबलाचं. आज एकदम गालिचा, मेणबत्ती. बरं, मला तुला एक गोष्ट सांगायचीये. जेवून झाल्यावर सांगते.

बाबा : बरं.

मुलगी : 'काय' म्हणून विचारायचं असतं.

बाबा : जेवून झाल्यावर विचारतो.

वेटर : सगळं ठीक आहे ना, साहेब? आज खिडकीजवळ बसलात ते बरं केलंत. बुधवारी तिकडे एसीखाली पार गारठला होतात.

मुलगी : बुधवारी?

वेटर : दुपारी आले होते ना साहेब. हेच सगळं मागवलं होतं. चॉपस्टिक कशा धरायच्या ते मीच दाखवलं. आज छान जमतंय हो, साहेब.

बाबा : जरा पाणी आणता का?

वेटर : आणतो, आणतो.

(वेटर जातो. भरलेला जग टेबलावरच आहे.)

मुलगी : कुणाबरोबर आला होतास?

बाबा : कुणाबरोबर येणार?

मुलगी : मग?

बाबा : लिफ्ट दुरुस्त केली की आम्ही आधी ती रिकामी वरखाली करून बघतो. माणसं नंतर. तशी एक रिकामी फेरी मारली.

मुलगी : आणि तेव्हा जेवण चांगलं होतं?

बाबा : नाही. असंच होतं.

मुलगी : धन्य आहेस. रिकामी फेरी मधेच अडकली तर काय करता तुम्ही लोक?

बाबा : लिफ्ट बंद ठेवतो.

मुलगी : मग मला कशाला आत घातलंस?

बाबा : मला वाटलं, एकटा होतो म्हणून तसं लागलं.

(मुलगी चॉपस्टिकनं एक डिमसम दुसऱ्याजवळ सरकवते.)

बाबा : बोल की काहीतरी. तू गप्प बसलीस की मला ते ताट दिसायला लागतं.

मुलगी : मला व्हॉलीबॉलच्या संघात घेतलंय. शाळेच्या मुख्य संघात. पहिली सर्व्हिस माझी असते. बाई म्हणाल्या, माझा हात म्हणजे गोफण आहे.

बाबा : वा.

मुलगी : सराव रविवारी असतो. दर रविवारी. दिवसभर.

बाबा : हो. आई म्हणाली फोनवर.

मुलगी : तिनं सांगून टाकलं? मी सांगणार होते.

बाबा : आठवडाभर आरशासमोर उभी राहून मला सांगायची तयारी करतेयस म्हणाली.

मुलगी : म्हणून हे एवढं भारीतलं हॉटेल?

बाबा : शेवटचा रविवार नीट व्हावा म्हटलं.

मुलगी : शेवटचा काय रे? सुट्टीत येईन ना मी.

बाबा : हो तर. सुट्टीत.

मुलगी : तू एकदा 'जाऊ नकोस' म्हण ना. मी जाणारच आहे. पण म्हण.

बाबा : जा. आणि गुडघ्यांना पट्टे बांधत जा. तुला पडायची घाई असते.

मुलगी : रविवारी काय करशील मग तू?

बाबा : कामं काय कमी आहेत? गाडी धुवायची राहिलीये.

मुलगी : गाडी आपल्या घरी आहे, बाबा. आईकडे.

बाबा : तीच म्हणतोय. सकाळी येईन, धुवून लगेच निघेन. वर नाही येणार.

मुलगी : मी नसेन पण तेव्हा.

बाबा : माहितीये.

मुलगी : आईला विचारते, तू वर आलास तर चालेल का.