मोराला कुणाचा तरास

हसू नका, नोकरी जाता जाता ऱ्हायली माझी. हिकडं आखातात, खलिफा सिटीत मी मालकाचे मोर सांभाळतो. मालकानं एक आजारी मोर आणला. डॉक्टर बोलला, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, जुन्या मोरांना जाळीतनंच बघू दे. पर आमचा थोरला मोर जाळीपाशी येऊन पिसारा फुलवायचा, आन् माझं टकुरं फिरायचं. "सुक्काळीच्या, आजाऱ्यावर मर्दुमकी दावतो व्हय?" आसं वरडून मी जाळीवर काठी हाणायचो. नवा मोर दाण्याला तोंड लावंना. मालक कावला, परत डॉक्टर बोलावला.

डॉक्टरनं इचारलं, "इसको कौनसा मोर डराता है?"

मल्याळी माळ्यानं माझ्याकडं बोट केलं. "मोर नहीं साब, ये."

मला गेटाभाईर काढलं, तसा मोर दाणं टिपाया लागला. आता त्यो कळपात मिसळलाय. वेगळं मलाच ठेवलंय.