एकटी बाई आणि अख्खं कुटुंब

डब केलेल्या पिक्चरला नावं ठेवण्याआधी माझं ऐका. पप्पा भोरच्या थिएटरात मशीन चालवतात, म्हणून मी पहिल्यांदाच धीर करून वर्गातल्या मुलींना पिक्चरला नेलं. परदेशी कुटुंबाची गोष्ट होती. पण आई, बाप, आजोबा, बाळ, सगळ्यांना आवाज एकाच बाईचा!

मुली चुळबुळ करू लागल्या. "निघू या का गं?" "थांबा गं जरा," मी म्हटलं.

दारावरचे शंकरमामा म्हणाले, "आजोबा बी तीच? लई राबवलं बाईला."

चहावाल्या काकू दारातूनच ऐकत होत्या. "आवाज बसलाय तिचा. घोटभर पाणी तरी द्यायचं!"

आजोबा वारले आणि बाई खरंच खोकली. काकू वर मशीनकडे बघून ओरडल्या, "अवो दादा, मध्यंतर करा! दमली ती!"

पप्पांनी केलंसुद्धा.

वाटलं, आता मुली जाणार. पण त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. शेवटी अख्खं कुटुंब जेवायला बसलं आणि सगळे एकाच वेळी बोलायला लागले.

"आता मेली बाई!" शंकरमामा म्हणाले.

बाईनं निभावलं. टाळ्या पडल्या.

सोमवारी वर्गात मुलींनी मला घेरलं. "त्या बाईचा दुसरा पिक्चर कधी लागतोय?"