टोपीचे चौदा ग्रॅम

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, घाई करायची नाही!" मला! अहो, बावीस वर्षं गाडी शिकवतोय मी, क्लच चुकला की माणसाला भर रस्त्यात खाली उतरवणारा, आणि त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीतली ती सिस्टर, माझ्या खांद्याएवढी, मला शिकवते! बरं, घाई केली कुणी? माझ्या लेकीनं! दोन महिने आधीच हजर! दीड किलोची. नाकात नळी, नळीतून आईचं दूध, थेंब थेंब...

म्हटलं, "सिस्टर, आई समोर बसलीये, पाजू दे की!" तर म्हणते, "बाबा, ओढायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, तिन्ही एका तालात जमायला हवं. जमेल. घाई करायची नाही." म्हणजे क्लच, ब्रेक, गिअर! एवढं मला कळतं हो! पण कळून काय करू? आमची ही रोज तिला छातीशी धरून बसायची. आधी पोरगी नुसता वास घ्यायची. मग चाटायला लागली. मग एक दिवस दोनदा ओढलंन्... आणि दमून झोपली! गाडी बंद! हिच्या डोळ्यांत पाणी.

नळी निघणार कधी? तर ती स्वतः ओढून पुरेसं पिईल तेव्हा. मोजायचं कसं? पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन, फरक तेवढं दूध पोटात. आणि तुम्हाला सांगतो, एका दुपारी अठरा ग्रॅम वाढलं! अठरा! मी तिथंच नाचलो, सासूबाईंना फोनवर ओरडून सांगितलं... सिस्टर पोरीकडे बघतेय. "बाबा, मधेच ही टोपी कुणी घातली?"

मीच! गार लागेल म्हणून!

टोपी काढली. उरले चार. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. पण त्या बाईंनी कागदावर ठसठशीत चार लिहिले. म्हणाल्या, "काल शून्य होते."

बारा दिवसांनी नळी निघाली. पोरगी ओढतेय, गिळतेय, श्वास घेतेय, थांबतेय, पुन्हा ओढतेय... आणि मला कसलीच घाई नव्हती. मला! त्या बाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

परवा एका काकूंनी चौकात चौथ्यांदा गाडी बंद पाडली. मागे हॉर्नवर हॉर्न, काकू रडकुंडीला! पूर्वी उतरवलंच असतं. मी शांतपणे म्हटलं, "काकू, घाई करायची नाही. दोन घोट घेतलेत ना? आता जरा झोपा."

काकूंनी दुसरा क्लास लावला.