मेन चालू ठेवून

हृदयरोग विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त वायरमन आणि त्यांची बायको बसली होती. वायरमनचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

"अहो, डॉक्टरांशी वाद कशाला घातलात?"

"वाद नाही गं, चौकशी केली. पेसमेकरची वायर बावीस वर्षं छातीत आहे. इन्सुलेशन गेलंय, आतून चिकटलीय. ती ओढून काढणार म्हणतात. वायर कशी ओढायची ते मला विचारा ना."

"तुमची छाती म्हणजे काय भिंत आहे?"

"वायर ती वायर. जुनी काढताना तिच्याच वाटेनं नवी घालायची. जन्मभर तेच केलं मी."

"मग काय म्हणाले ते?"

"हसले. म्हणाले, काका, आम्हीही तेच करतो, फक्त जुनी आधी लेझरनं सोडवून घेतो."

"म्हणजे येतंय त्यांना. आता गप्प बसा."

"येतंय. एकच गोष्ट मनाला पटत नाही."

"आता आणि काय?"

"मेन बंद केल्याशिवाय मी कधी कुणाला वायरला हात लावू दिला नाही. हे लोक मेन चालू ठेवून काम करणार."

बायको पिशवी उचलून उठली.

"अगं, कुठे निघालीस?"

"डॉक्टरांकडे. तो चालूच ठेवा म्हणावं, काही झालं तरी."

"आत्ता तर म्हणालीस, वाद घालू नका."

"वाद नाही. चौकशी करून येते."