एकशे चौदा वेळा पास

—पिठावर नको धरू फोन, दादा, त्या पत्र्याच्या डब्यावर ठेव, आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दे – मागाहून घोळ नको. गळ्यात कार्ड हाय म्हणजे कंपनीचाच तू, पण नवा दिसतोस. कुठली शिफ्ट? अरे घाबरतोस कशाला, सेफ्टीचं ते ऑनलाईन ट्रेनिंग ना? गावातले सगळे इथंच टाकतात. तांदूळ दळून होईस्तोवर सर्टिफिकेट तयार. दळणाचं घेते मी, परीक्षेचं काय नाय घेत.

सुरुवात झाली ती आमच्या ह्यांच्यापासनं – काळुराम, स्टोअरला हायत बघ, मिशीवाले. चाळीस मिनिटांचं ते ट्रेनिंग, आणि दुसऱ्या मिनिटाला हे घोरायला लागायचे. पुढं जायचं बटण तर सगळं ऐकून संपल्याबिगर येतच नाय. मग मीच बसले. ह्यांचं झालं, दिराचं झालं, शेजारच्या जगनचं झालं – असं करत एकशे चौदा वेळा पास झाले! सगळं तोंडपाठ. ते बोलणारं हेल्मेट नाय का, डोळे फिरवतं – "चला मित्रांनो, मजेत शिकूया!" – कुणी काढलंय कोण जाणे, मेल्याला दुसरा कामधंदा नसंल. शिफ्ट करून आलेल्या बाप्याला बोटानं टोपी ओढून चित्राच्या डोक्यावर बसवायला लावतंय! तो काय अंगणवाडीत आलाय? आणि उत्तर बरोबर आलं की रंगीत कागद उडतात. ह्यांना वाटलं फोनच बिघडला.

माणूस असा शिकतो व्हय? मी पेणकडची, मिठागरातली – लग्न होऊन ह्या गावात, वरशाला आले तेव्हा गिरणीचा पट्टा कशाशी खातात ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी पदर गेला की पट्ट्यात! सासूनं आधी स्विच पाडला, मग माझ्या थोबाडीत दिली. सत्तावीस वर्षं झाली, पदर खोचल्याबिगर गिरणीजवळ फिरकत नाय. त्या हेल्मेटानं दिलीय कधी कुणाच्या थोबाडीत?

आता खोटं कशाला बोलू, एक चूक झालीच माझी. मागल्या महिन्यात कंपनीचा भोंगा वाजला – वायू सुटला की वाजवतात तो, पण नुसता सरावाचा होता – तर साठ बापये गेटातनं सुटले ते धावत थेट इथं! हेल्मेटं घालून माझ्या दारात – "वहिनी, आता काय करायचं?" म्हटलं, मेल्यांनो, आधी वारा कुठनं येतोय ते बघा, त्याच्या आडवं पळा! ओळीत उभे केले, मोजले, धाडले परत. हसलास? हस. पण उद्या खरंच वायू सुटला आणि हे सगळे माझ्याकडं धावले तर? गिरण चालू असली की मला भोंगा ऐकूच येत नाय रे.

काय? तू – तुम्ही बनवलंय ते? हेल्मेट पण? अगो बाय माझे! आणि मंगळवारी कुणीच कसं पास होत नाय ते शोधत आलात? मंगळवारी गिरण बंद असते, साहेब. थांबा – वहीत काय लिहिताय? काळुराम? अहो नका ना! दोन वर्षं उरलीत त्यांच्या नोकरीची. ते झोपले होते, त्यांचा काय दोष? माझं नाव लिहा, पुतळी म्हणून लिहा, एकदा तरी कुठं लागू दे ते – अहो, मागं सरू नका – मेल्या, दोरी! गळ्यातली दोरी!

…

बंद केली गिरण. पट्ट्यात गेली ती नुसती कार्डाची दोरी, तुटली, मान शाबूत हाय. आणि थोबाडीत दिली ती मीच, गाल चोळत काय बघतोस? परत असा पट्ट्याजवळ उभा राहशील? नाय ना? झालं तुझं ट्रेनिंग. चाळीस मिनिटं लागली?

रडू नको. पाणी पी. हां, फाड ते पान, नीट फाड. काय म्हणतोस? परत एकदा मारून दाखवू? शूटिंग करायचंय? वेडा की काय! तू असं कर, एकशे चौदा जणांना एकेक करून पाठव इथं, मंगळवार सोडून. आमच्या ह्यांना पहिलं पाठव.

आता नीघ. दळणं खोळंबलीत.