चोरायची ब्राह्मी

पहिल्यांदा खटकलं ते परसाचं उघडं फाटक. घरमालकीण काकू आठवड्यासाठी पेणला लेकीकडे गेल्या, अष्टमी गावातल्या त्या घरात मी एकटी भाडेकरू, आणि फाटकाला साधं कुलूप नाही. मी लावलं.

परसात धुण्याच्या दगडामागे कुंपणापर्यंत काकूंची ब्राह्मी पसरली होती. "सावली हाय, ओल हाय, पेरापेराला मूळ धरते. तू फक्त सुकू देऊ नको," एवढंच त्या सांगून गेल्या होत्या. त्यांची तुळस आधीच माझ्या हातून गेली होती. आता ही गेली तर खोलीही जाईल, या भीतीने मी दिवसातून चारदा पानं बघून यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुंपण खसफसलं. मी किंचाळलेच. शेजारच्या मावशी कुंपणावरून अर्ध्या आत आल्या होत्या, आणि हातात मुळासकट उपटलेली ब्राह्मी.

"ओरडतेस काय गो? मीच हाय."

घाबरले की मी फार सभ्य होते. म्हटलं, "घ्या ना मावशी, हवी तेवढी घ्या."

मावशींनी ब्राह्मी तिथेच टाकली. "दिलीस? आता लागायची नाय ती! चोरूनच न्यायची असते. एवढी कालेजात शिकलीस, नि ह्ये ठाव नाय?"

त्या गेल्यावर मी पेणला फोन लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा काकूंनी उचलला. कुलूप, कुंपण, ब्राह्मी, सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

"अगो बाय," काकू म्हणाल्या, "तिला चोरता यावी म्हणून तर फाटक उघडं ठेवून आले होते!"