वरून पडलेल्या गोळीबाबत

नाव: लीला त्र्यंबक महाजन. वय: ६९. धंदा: सेवानिवृत्त, कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे तिथेच भौतिकशास्त्र शिकवले. राहणार: इतवारा, बऱ्हाणपूर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, हवालदार गिरधर यांनी माझा जबाब आधी हिंदीत लिहायला घेतला होता. त्यात "ललित ने गोली चलाई" हे वाक्य मी तोंड उघडण्यापूर्वीच आले होते. तो कागद मी फाडायला लावला. हा जबाब मी सांगते तसा, मराठीत आहे.

काल संध्याकाळी माझा धाकटा भाऊ अरविंद अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मागच्या गल्लीतून वरात चालली होती आणि नेहमीप्रमाणे काही शूर पुरुष आकाशावर गोळ्या झाडत होते. अरविंद एकदम "ताई" म्हणाला आणि खांदा धरून वाकला. सदरा रक्ताने भरला. मी त्याला रिक्षाने दवाखान्यात नेले. रिक्षात तो बोलत नव्हता. याविषयी मला अधिक सांगायचे नाही.

डॉक्टरांनी गोळी चिमट्याने काढली. हाड शाबूत आहे. आज सकाळी त्याने चहात साखर कमी असल्याची तक्रार केली.

समोरच्या घरातील ललित याला पोलिसांनी कालच उचलले, कारण सकाळी त्याचे व अरविंदचे भांडण झाले होते. केळीचा ट्रक तो आमच्या फाटकाला चिकटवून उभा करतो. "गोळी घालीन," असे तो ओरडला, हे खरे आहे. "आधी ट्रक काढ, मग घाल," असे मी म्हणाले, हेही खरे आहे. फोपनारच्या मळ्यातील रानडुकरांसाठी त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे व ती नुकतीच झाडलेली आढळली. ललित उद्धट आहे. पण अरविंदवर गोळी त्याने झाडलेली नाही.

जखम खांद्याच्या माथ्यावर आहे, वरून खाली गेलेली. समोरच्या ओट्यावरून झाडलेली गोळी छातीत शिरून पाठीतून निघाली असती. सरळ आकाशात झाडलेली गोळी वर जाऊन थांबते आणि परत पडते. पडताना वेग वाढतो, तसा हवेचा अडथळाही वाढतो. तो गोळीच्या वजनाइतका झाला की वेग वाढणे बंद होते. हवा नसती, तर ती नळीतून निघाली त्याच वेगाने परत आली असती आणि आज मी वेगळा जबाब देत असते.

गिरधर म्हणाले, "मॅडम, गोली तो गोली होती है."

एक गोळी झाडून वरातीत कुणाचे समाधान होत नाही, म्हणून मी त्यांना आमच्या गच्चीवर नेले. तिथे उन्हात घातलेली कापसाची गादी उचलायची राहिली होती. तिच्यात बोटभर खोल दुसरी गोळी निघाली. गादीही फोडून गेली नव्हती.

मी विचारले, "ही ललितच्या ओट्यावरून इथे कशी आली? जिना चढून?"

गोळी गिरधर यांनी पंचांसमक्ष ताब्यात घेतली.

ललितची बायको गायत्री सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसून आहे. मला पाहून म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा ना साहेबांना. ये ऐसे नहीं हैं." मी म्हणाले, "ये बिलकुल ऐसेही हैं. पण हे त्याने केलेलं नाही."

वरात कुणाची, बंदूक कुणाची, हे शोधणे पोलिसांचे काम आहे.

वरील जबाब मला वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून स्वतः वाचला. मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही करण्यापूर्वी मी ललितला बाहेर आणायला लावले. तो माझ्या पाया पडू लागला. "आधी गायत्रीकडे जा," असे मी त्याला सांगितले. तो गेला. मग सही केली.